जनरेटर घेताना घरात खोल्या किती ते नको, पंप किती एचपीचा ते बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आमच्याकडे पुरुमेंताची घाई सुरू होते, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, उकडे तांदूळ सगळं पावसाच्या आधी घरात यायला पाहिजे असतं, आणि गेली काही वर्षं बघतोय की त्या यादीत आता जनरेटरपण आलाय. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, चौथ्या दिवशी लाइट आली होती, माडाचं झाड तारांवर पडलेलं, खांब वाकलेले, बावीत (विहिरीत) पाणी आहे पण वर चढवायला करंट नाही अशी अवस्था. तेव्हापासून लोकांनी मनात धरलंय की घरात जनरेटर हवाच. माझी त्याला हरकत नाहीच, आमच्या घरात तर तो लागतोच, कारण माझ्या आईला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, लावावं लागतं. हे पत्र लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर तीन घरांनी जनरेटर घेतले आणि तिन्ही चुकीच्या साइजचे निघाले, त्यातलं एक घर आमचं, आणि तिन्ही घरांचे मिळून जे पैसे गेले ते बघून मला वाटतं की हे छापून यायला पाहिजे.

आधी आमचंच सांगतो. आई हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा आम्ही घाबरलेले होतो, पाऊस तोंडावर आलेला, मी दुकानात गेलो आणि जनरेटर पाहिजे म्हटलं. तिथे मला दोनच प्रश्न विचारले, बेडरूम किती आणि एसी किती. तीन बेडरूम आणि दोन एसी म्हटल्यावर सांगितलं १० केव्हीए (केव्हीए हे जनरेटरची ताकद मोजायचं माप) डिझेल घ्या, आयुष्यभर बघायला नको. मीपण विचार केला नाही, मोठं घेतलं म्हणजे आई सुरक्षित एवढंच डोक्यात होतं. आणला, शेड बांधली, आणि पहिल्या पावसातच लक्षात आलं की रात्री लाइट गेली की आम्ही चालवतो काय तर चार बल्ब, दोन पंखे, फ्रिज आणि आईचं मशीन, आणि त्याच्यासाठी हा एवढा मोठा इंजिन धडधडतोय, तासाला लिटरभर डिझेल पितोय, शेजारच्या घरातलं लहान मूल झोपत नाही. दुसऱ्या वर्षी सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळायला लागलं, धूर वाढला, मेकॅनिक म्हणाला कमी लोडवर चालवून चालवून हे झालंय.

माझ्या चुलत भावाने बरोबर उलटं केलं. आमचा तो राक्षस बघून त्याने लहान, सुटकेससारखा पेट्रोलचा २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर घेतला, आवाज कमी, पेट्रोल कमी, लाइट पंखे फ्रिज टीव्ही सगळं छान चालतं. पण बावीवरचा १ एचपीचा पंप चालू केला की जनरेटरवरची लाल लाइट पेटते आणि सगळं बंद. पावसाळ्यात चार दिवस लाइट नाही म्हटल्यावर पहिली गरज पाण्याची, आणि तेच होत नाही. वहिनी रहाटाने पाणी काढत होती आणि जनरेटर पडवीत उभा होता.

तिसरं घर वाड्याच्या टोकाला. त्यांचं कनेक्शन थ्री फेज, म्हणून त्यांनी थ्री फेज ७.५ केव्हीए घेतला. आकडा मोठा दिसतो ना, पण थ्री फेज जनरेटरची ताकद तीन फेजमध्ये वाटली जाते, म्हणजे एका फेजला फक्त २.५ केव्हीए येतात, आणि त्यांचा पंप सिंगल फेज, तोही दीड एचपीचा. तो उठेचना. ७.५ घेऊनसुद्धा पंप चालत नाही म्हणून ते दुकानात जाऊन भांडून आले, आणि दुकानवाला म्हणाला मशीनमध्ये काहीच बिघाड नाही, जे खरंच होतं. बिघाड मशीनमध्ये नव्हताच, विकताना पंपाबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

मग आम्हाला एक माणूस भेटला. पूर्वी खाणीच्या वर्कशॉपमध्ये जनरेटर सांभाळायचा, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरगुती वायरिंगची कामं करतो. त्याने येऊन आधी चहा घेतला आणि म्हणाला, घरात काय काय आहे ते मला सांगू नका, लाइट गेल्यावर काय काय चालू पाहिजेच ते कागदावर लिहा. मला वाटतं सगळी गोष्ट ह्या एका वाक्यात आहे. आपण घराचा हिशोब करतो, करायला पाहिजे तो काळोखाचा.

आम्ही लिहिलं. आठ एलईडी बल्ब प्रत्येकी ९ वॅट म्हणजे ७२. तीन पंखे, जुने आहेत, प्रत्येकी ७५ धरले तर २२५. फ्रिज चालू असताना साधारण १५०. टीव्ही आणि इंटरनेटचा राउटर मिळून १००. मोबाइल चार्जिंग ३०. आईचा ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३५०. झाले ९२७ वॅट. म्हणजे एक किलोवॅटसुद्धा नाही. १० केव्हीएच्या मशीनमधून ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाला येणारा भाग) धरला तर ८ किलोवॅट मिळतात, आणि त्यातले आम्ही बारा टक्केसुद्धा वापरत नव्हतो. पंप लावला, तो चालताना ११०० वॅटच्या आसपास खातो, तरी दोन हजारावर थोडं, म्हणजे पंचवीस टक्के. डिझेल इंजिनाला निदान तीस टक्के लोड लागतो, नाहीतर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि ते न जळलेलं डिझेल आणि ऑइल मिळून सायलेन्सरमध्ये साठतं. आमच्या सायलेन्सरमधून जे काळं गळत होतं ते हेच.

कागदावर गिझर नाही, हे मुद्दाम. २००० वॅटचा गिझर जनरेटरवर चालवणं म्हणजे पेट्रोल जाळून पाणी तापवणं, आमच्याकडे अजून परसात भाण आहे, चार दिवस लाकडं लावून पाणी तापवायला काही होत नाही. इंडक्शन नाही, गॅस आहे. इस्त्री नाही. मायक्रोवेव्ह नाही. वॉशिंग मशीन नाही. एसीबद्दल घरात बरीच चर्चा झाली, पण पावसात लाइट जाते तेव्हा गारवाच असतो, म्हणून तोपण काढला. ज्यांना घरातल्या आजारी माणसासाठी एसी लागतोच त्यांनी इन्व्हर्टर एसी घ्यावा, तो हळूहळू वेग घेतो म्हणून सुरू होताना झटका देत नाही, जुना साधा दीड टनाचा एसी मात्र सुरू होताना चालण्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढतो आणि तेवढ्या एकासाठी सरळ ५ केव्हीएवर जावं लागतं.

आता झटक्याबद्दल. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण माझ्या भावाचा जनरेटर नेमका इथेच अडला. किनाऱ्यावर होडी पाण्यात ढकलताना ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच कळेल, वाळूत रुतलेली होडी पहिल्यांदा हलवायला सगळ्यांचे खांदे लागतात, एकदा सरकली की दोन माणसं पुरतात. मोटरचं तसंच. थांबलेली मोटर पहिल्या एक-दोन सेकंदात चालू असतानाच्या चार ते सहा पट करंट ओढते. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे पुस्तकातलं गणित बरोबर आहे पण तो आकडा मोटर जे काम करते त्याचा, ती तारेतून जे ओढते ते त्याच्यापेक्षा जास्त, आणि सुरू होताना जे ओढते ते तर फारच जास्त. वीज खात्याच्या लाइनवर हे आपल्याला कळत नाही, बल्ब क्षणभर मंद होतो इतकंच, कारण मागे अख्खा ट्रान्सफॉर्मर उभा असतो. जनरेटरच्या मागे कोणी नाही. त्याला झेपलं नाही की व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की मोटर फिरत नाही, फिरत नाही म्हणून आणखी करंट ओढते, आणि शेवटी एकतर जनरेटर ट्रिप होतो नाहीतर मोटरचं वाइंडिंग जळतं. इन्व्हर्टर जनरेटरची वीज स्वच्छ असते, पण त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स ओव्हरलोड फारसा सहन करत नाही, लगेच तोडतं. साधा अल्टरनेटरवाला जनरेटर थोडा दम धरून झटका सोसतो. म्हणून दोघांवर २ केव्हीए लिहिलेलं असलं तरी पंपाच्या बाबतीत दोघं सारखे नाहीत.

अर्धा एचपीच्या पंपाला साधारण २ ते २.५ केव्हीए, १ एचपीला ३ ते ५, आणि दीड एचपीला ४ ते ६ धरायचे. हे अंतर एवढं का, तर जनरेटरचा अल्टरनेटर कसा आहे त्याच्यावर ते ठरतं, आणि पंप बावीतला ओपनवेल आहे की बोअरवेलचा सबमर्सिबल त्याच्यावरपण, बोअरवेलवाला जास्त जड उठतो. अंदाजावर राहायचं नसेल तर इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवा, ज्याच्यात इनरश मोजायची सोय आहे असा, पंपाच्या एका तारेला तो लावायचा आणि लाइनवर पंप चालू करायचा, पहिल्या क्षणाचा अँपिअर तो पकडून ठेवतो. त्याला २३० ने गुणलं की त्या क्षणाला किती व्हीए (हजार व्हीए म्हणजे एक केव्हीए) लागतात ते समोर येतं. काही मिनिटांचं काम आहे. लाखाची वस्तू घेण्याआधी कोणी ते करत नाही ह्याचं मला वाईट वाटतं, आम्हीपण केलं नव्हतं.

बरेच लोक लाइटचं बिल घेऊन दुकानात जातात. बिलातल्या युनिटवरून जनरेटरची साइज ठरत नाही. महिन्याला ३०० युनिट जळत असतील तर दिवसाला १०, तासाला अर्धा युनिटसुद्धा नाही, म्हणजे सरासरी ४१७ वॅट. त्या हिशोबाने अर्धा केव्हीए पुरेल, आणि तो तर फ्रिजसुद्धा उठवणार नाही. डिजिटल मीटरवर आकडे फिरत असतात त्यात मॅक्सिमम डिमांडचा आकडा येतो, तो बराच कामाचा आहे, पण तोपण काही मिनिटांची सरासरी धरून काढलेला असतो, त्यात पंपाचा दोन सेकंदाचा झटका दिसत नाही.

आणि पाटीवरचे आकडे वाचताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे केव्हीए लिहिलंय की किलोवॅट, ५ केव्हीए म्हणजे बहुतेक वेळा ४ किलोवॅटच. दुसरं म्हणजे मॅक्स लिहिलंय की रेटेड. मॅक्स म्हणजे थोडा वेळ ओढू शकतो तो आकडा, रेटेड म्हणजे तासन् तास चालू शकतो तो. जाहिरातीत मोठा आकडा असतो तो मॅक्स. आपण रेटेड धरायचा.

ह्या सगळ्या हिशोबानंतर आम्ही काय केलं ते सांगतो. १० केव्हीएवाला एका पोल्ट्रीवाल्याला विकला, त्याच्याकडे दिवसभर मोठे पंखे आणि मोटरी चालतात, त्याला तो बरोबर बसला. आम्ही ४ केव्हीएचा पेट्रोलवाला घेतला, साधा, अल्टरनेटर आणि एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असलेला. पंप आणि बाकी सगळं चालू असताना लोड होतो साधारण २ किलोवॅट, मशीन देतं ३.२, म्हणजे साठ-पासष्ट टक्के. पंप बंद झाला की लोड एकदम खाली येतो पण पेट्रोल इंजिनाला त्याचा डिझेलसारखा त्रास होत नाही. विकताना आमचं नुकसान झालं, ते मी इथे आकड्यात लिहीत नाही, पण त्या पैशात भावाचा जनरेटर आला असता.

पहिल्याच ट्रायलला एक गोष्ट कळली. फ्रिज, पंखे, आईचं मशीन सगळं चालू ठेवून पंपाचं बटण दाबलं, पंप उठला, पण तेवढ्या क्षणात व्होल्टेज पडलं आणि आईच्या मशीनचा अलार्म वाजला. तो आवाज ऐकून मी काय घाबरलो ते मलाच माहीत. त्या इलेक्ट्रिशियनने तेव्हा दोन बदल सुचवले आणि ते दोन बदल माझ्या मते जनरेटरच्या साइजइतकेच महत्त्वाचे आहेत. पहिला, क्रम. जनरेटर सुरू करून दोन मिनिटं गरम होऊ द्यायचा, मग सगळ्यात आधी पंप, दुसरं काही नको, टाकी भरायला लागली की फ्रिज, मग पंखे, मग बाकीचं. सगळ्यात मोठी मोटर रिकाम्या जनरेटरवर उठवली की त्याची सगळी ताकद तिला मिळते. क्रम उलटा केला तर तेच घर चालवायला एक साइज मोठा जनरेटर लागेल. फ्रिजसुद्धा बंद झाल्यावर निदान पाच मिनिटं थांबून लावायचा, कॉम्प्रेसरमधलं प्रेशर उतरायच्या आधी लावला तर तो उठताना अडतो.

दुसरा बदल म्हणजे आईचं मशीन जनरेटरवर ठेवायचंच नाही. ते आता इन्व्हर्टर-बॅटरीवर आहे, प्युअर साइन वेव्हचा (लाइनसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर, दोन १५० एएचच्या (एएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटऱ्या. लाइट गेली तरी मशीन थांबत नाही, मध्ये अंधारात धावपळ नाही, जनरेटर लागला तर तो बॅटऱ्या चार्ज करतो आणि मशीनला व्होल्टेजचा झटका कळतच नाही. एका १५० एएचच्या बॅटरीवर ३५० वॅटचं मशीन तीनेक तास चालतं, दोन असल्या तर सहाच्या वर, बॅटरी जुनी झाली की कमी. शिवाय एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर कोपऱ्यात असतोच, डॉक्टरांनी सांगितलंय की मशीनवर एकट्यावर कधी राहू नका. ज्यांच्या घरात असं पेशंट आहे त्यांनी जनरेटरच्या आधी ह्या दोन गोष्टी कराव्या असं मी हात जोडून सांगेन.

बॅटरी आली आणि जनरेटरचं काम एकदम हलकं झालं. आता लाइट गेली तर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, तेवढ्यात टाकी भरते, फ्रिज थंड होतो, बॅटऱ्या थोड्या चार्ज होतात, दोन तासांत पूर्ण भरत मात्र नाहीत. फ्रिज उघडला नाही तर चारेक तास थंडावा धरतो, फ्रीजर गच्च भरलेला असेल तर त्याच्याही पुष्कळ पुढे, मासळी खराब होत नाही. रात्री जनरेटर बंद, बॅटरी उतरली तर आईसाठी सिलिंडर असतोच. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि नियमाप्रमाणे बनवलेला चांगला सायलेंट डिझेल जनरेटरसुद्धा एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाज करू शकतो, म्हणजे सायलेंट हे नाव ऐकून फसू नये. आमच्या वाड्यावर घरं एकमेकांना लागून आहेत, पावसाच्या रात्री खिडक्या बंद असल्या तरी आवाज जातोच. शेजाऱ्यांकडे आम्ही जाऊन सांगून आलो की रात्री दहानंतर आमचा जनरेटर वाजणार नाही, आणि तेव्हापासून बोलणंचालणं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

आता जे सगळ्यात जास्त मनाला लागलंय ते लिहितो. आमच्याच वाड्यावर एका घरात मी बघितलं, जनरेटरची वायर दोन्ही टोकांना पिन लावून घरातल्या सॉकेटमध्ये घुसवलेली, म्हणजे त्या सॉकेटमधून अख्ख्या घराला करंट. मेन स्विच पाडतो म्हणतात, एखाद्या दिवशी घाईत विसरले की संपलं. तो करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो, ट्रान्सफॉर्मरला जाऊन पोचतो, आणि ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून चालतो, इकडून २३० व्होल्ट घातले की पलीकडे ११ हजारच्या लाइनवर हजारो व्होल्ट येतात. त्या वेळी त्या खांबावर वीज खात्याचा लायनमन चढलेला असतो, भर पावसात, आपलीच लाइट आणायला. त्याने फ्यूज काढलेत, लाइन मेलेली आहे असं समजून तो तारेला हात लावतो. चवथीच्या आदल्या रात्री, घरोघरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायचं काम चाललेलं असताना, ही माणसं घरी नसतात, खांबावर असतात. त्यांचा जीव आपल्या एका विसरलेल्या मेन स्विचवर टांगलेला असू नये.

त्याला उपाय साधा आहे, चेंजओव्हर स्विच. एकतर लाइन नाहीतर जनरेटर, दोन्ही एका वेळी जोडलेच जाऊ शकत नाहीत अशी त्याची यांत्रिक रचना असते. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलपण तोडला जातो. जनरेटरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. आणि आमच्यासारखं करता येतं, अख्खं घर जनरेटरवर न घेता इलेक्ट्रिशियनकडून एक वेगळा छोटा डीबी, म्हणजे एमसीबीचा बॉक्स, बसवून घ्यायचा, कागदावर लिहिलेल्या वस्तूंचे सर्किट तेवढे त्याच्यावर. मग कोणी चुकून गिझर लावला तरी तो चालणारच नाही, जनरेटर ट्रिप होणार नाही. लहान जनरेटरवर निर्धास्त राहता येतं ते ह्या डीबीमुळे. अर्थिंगपण बघून घ्या, आपल्याकडे खाली जांभा दगड, पावसात ओल असते तोवर ठीक, मार्च-एप्रिलमध्ये सुकला की अर्थिंग नावालाच राहते.

जनरेटर कुठे ठेवायचा ह्याबद्दल एकच सांगतो पण ते कृपा करून कापू नका. जुन्या घरात पाऊस लागू नये म्हणून लोक तो राजांगणात (घराच्या मधल्या अंगणात) ठेवतात, किंवा पडवीत खिडकीखाली. पेट्रोल आणि डिझेल दोन्हीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि राजांगणाच्या चारही बाजूंनी खोल्यांची दारं असतात. झोपेत माणूस जातो. घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट्या बाजूला, आणि वर पत्रा पण बाजू उघड्या. वायर लांब लागेल तर जाड वायर घ्या.

पेट्रोल साठवून ठेवायचा मोह होतो, पण परवान्याशिवाय ३० लिटरच्या वर ठेवता येत नाही, आणि एवढं लागतही नाही. आजकालच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल सोडून दुसरं आहे काय. टाकीत महिनोन् महिने पडलेलं पेट्रोल कार्बोरेटर जाम करतं. आम्ही महिन्यातून एकदा वीस मिनिटं जनरेटर लोडवर चालवतो आणि चवथ झाली, पाऊस सरला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवतो.

माझ्या भावाचं काय झालं ते राहिलं. त्याने जनरेटर बदलला नाही. बावीवरचा १ एचपीचा पंप तसाच ठेवला आणि त्याच्या शेजारी अर्धा एचपीचा लहान पंप बसवला, त्याची बाव खोल नाही, टाकी भरायला वेळ लागतो पण भरते, तोही आधी क्लॅम्प मीटर लावून बघितला, दुकानात तीन पंप तपासून त्यातला सगळ्यात हलका उठणारा घेतला आणि सगळं बंद ठेवून लावला तर २ केव्हीएवर तो उठतो. कधीकधी जनरेटर मोठा करण्यापेक्षा मोटर लहान करणं स्वस्त पडतं, हे त्याच्याकडून शिकलो. थ्री फेजवाल्या घराने पंपाची मोटर बदलून थ्री फेजची घेतली, आता तिन्ही फेजवर वाटून लोड येतो आणि तो जनरेटर कामाला आला.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. दरवर्षी मे महिन्यात आपल्या पेपरात जनरेटरच्या मोठमोठ्या जाहिराती येतात, त्या येऊ द्यात, पण त्याच सुमाराला एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिकल इंजिनीअरकडून ह्या विषयावर नीट लिहून घेऊन अर्धं पान द्यावं. विक्रेत्यांनी कोटेशनवर रेटेड किलोवॅट, सिंगल फेज की थ्री फेज, आणि किती एचपीची मोटर हा जनरेटर उठवू शकतो हे तीन आकडे लिहून द्यावेत, तोंडी नको. आणि वीज खात्याने मान्सूनपूर्व कामं करताना फांद्या छाटायला माणसं वाड्यावर येतातच, तेव्हाच ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांच्या घरी चेंजओव्हर बसवलाय की नाही एवढं बघून घ्यावं. ज्या घरात दोन पिनांची ती वायर मी बघितली त्यांच्याशी मी स्वतः बोललो, त्यांनी ऐकलं, येत्या रविवारी आमचाच इलेक्ट्रिशियन त्यांच्याकडे चेंजओव्हर बसवायला जातोय.

आपला,
एक नियमित वाचक
डिचोली, गोवा
(नाव छापू नये ही विनंती)